इकडचे नत्थूजी

आमच्या शेजारचे नत्थूजी भोयर 'मी' म्हणत नसत. भूक लागली तर "इकडे भूक लागली," ताप आला तर "इकडे ताप आहे." समोरचा माणूस म्हणजे 'तिकडे.' शाळेच्या बदलीनं मी आर्वीत आले, त्यांच्या भिंतीला लागून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पहिल्याच सकाळी एक उंच, वाळका माणूस रिकामी वाटी घेऊन दारात उभा.

"इकडे साखर संपली. तिकडे असन त द्या."

मी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, साखर दिली आणि दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोचा, कुसुमकाकूंचा, आवाज आला. "भेवाडलं न नव्या बाईले?"

नत्थूजी एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. त्यांचं म्हणणं असं, की जगात माणूस मुळात एकच आहे. सगळ्यांच्या आत बसून पाहणारा, ऐकणारा, दुखणारा तो एकच. नावं आणि चेहरे वरून लावलेले. "हे पाहा बाई, पुलगावची पाटी लावली का गाडी पुलगावची. तिथून आर्वीची पाटी लावली का आर्वीची. पाटी बदलली. गाडी तीच न?" हे ते इतक्या वेळा सांगत, की डेपोतले ड्रायव्हर त्यांना पाहिलं की आधीच म्हणायचे, "हो हो, गाडी तीच."

एकदा बायकोपासून चुकलेला एक म्हातारा चौकशीच्या खिडकीशी आला. नत्थूजींनी माइक हातात घेतला. "धोतर नेसलेला, हातात वांग्याची थैली असलेला, आपल्यातलाच एक चौकशीच्या खिडकीशी घाबरून उभा आहे. कोणीही येऊन घेऊन जावं, आपलाच आहे." म्हाताऱ्याला न्यायला तिघं जण आले. त्यांतलं कोणीच त्याची बायको नव्हतं. साहेबांनी मेमो दिला. नत्थूजी म्हणाले, "आपणच लिहिला, आपणच वाचला. विषय संपला."

रिटायर झाल्यावर दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागे. एका वर्षी मशीन त्यांचा अंगठा घेईचना. दहाही बोटं झाली. केंद्रावरची मुलगी वैतागून म्हणाली, "काकाजी, मशीन म्हणून राह्यली, तुमी तुमी नाई." नत्थूजी तिथून निघाले ते थेट मिठाईच्या दुकानात. सगळ्या गल्लीत पेढे वाटले. "तीस वर्षं इकडून सांगणं चालू आहे, कोणी मानत नव्हतं. शेवटी सरकारच्या मशीनीनं मानलं!"

काकू पेढा खात म्हणाल्या, "आता पेन्शन घ्यायले मशीनच पाठवजा."

कुसुमकाकू अगदी उलट. ठेंगण्या, रोखठोक, वाक्यागणिक 'मी.' मी केलं, मी सांगतलं, मी म्हनतच होती. नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाबद्दल त्यांचं एकच मत होतं. "यायचं एक बरं हाये. चूक झाली त केली कोनं, थे सापडतच नाई. पन भाजीत मीठ जास्त झालं का मंग मातर 'तू केलं.' तवा बरोबर मी सापडतो यायले."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी जाई. पण नत्थूजींना एक खोड होती आणि ती वाईट होती. गावात कुठेही मयत झाली की ते जात. ओळख असो नसो, समोर बसत आणि रडणाऱ्या माणसाला शांतपणे सांगत, "रडू नका. कोणी गेलं नाही. तो वेगळा होताच कुठे?" एकदा नुकताच बाप गेलेल्या एका तरण्या मुलानं उठून त्यांच्या थोबाडीत मारली. लोक मधे पडले. नत्थूजी चष्मा उचलत म्हणाले, "आपलाच हात, आपलाच गाल." हे मला त्यांनी हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. काकूही हसल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या ओट्यावर अंबाडी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यायले पयलं असं नव्हतं." मग सांगितलं. लग्नानंतर चार वर्षांनी मुलगी झाली होती. दहाव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं. नत्थूजी पाच-सहा दिवस काही बोलले नाहीत, जेवले नाहीत. मग एका सकाळी उठून म्हणाले, नावच नव्हतं, त गेलं कोन? त्या दिवशी दाढी केली, ड्यूटीवर गेले. तेव्हापासून इकडे आणि तिकडे.

"मी रडली त म्हने, कोनासाठी रडतेस? मंग मी बी रडनं सोडलं त्यायच्या समोर." काकूंनी अंबाडीची काडी मोडली. "पन मी नाव ठेवलं होतं, बाई. मनातल्या मनात. कुंदा. यायले कधी सांगतलं नाई. सांगतलं असतं त म्हनले असते, पाटी व्हय."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काकूंचं सुरू झालं. आधी चहात हळद. मग एकदा माझ्या घरात येऊन त्यांनी भाकरी थापायला घेतल्या आणि मलाच विचारलं, "तू कोनाकडं आली, बाई?" मग आरशातल्या बाईशी गप्पा, तिला जेवायचा आग्रह, ती घास घेत नाही म्हणून राग. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा हळू होईल एवढंच.

गाडीतून परत येताना नत्थूजी माझ्या शेजारी बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडे सुटून राह्यलं, बाई. नाव सुटलं, गाव सुटलं. इकडे तीस वर्षं तोंडाची वाफ. तिकडे आपोआप झालं." त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. खोटं कशाला बोलू.

चौकातल्या पानठेल्याचा बंडूभाऊ हा त्यांचा एकुलता एक शिष्य. काकूंचं 'मी' सुटल्याची ही गोष्ट त्यानं ठेल्यावरून पसरवली. दुसऱ्या दिवशी तो नारळ आणि हार घेऊन आला, काकूंच्या पाया पडला. "काकाजी, तुमी सांगत राह्यले. काकूनं करून दाखवलं." मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. काकूंना नवी साडी नेसवून ओसरीत खुर्चीवर बसवत. कोणी हळदकुंकू वाही, कोणी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून घेई. शेजारी स्टुलावर नत्थूजी, पाटी आणि गाडी समजावून सांगत. काकू सगळ्यांकडे बघून हसायच्या. ते हसू पाहुण्यांसमोरचं होतं. कोण आलंय हे कळत नाही आणि विचारायचीही लाज वाटते, तेव्हा माणूस हसतो, तसं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर ओसरीत दहा-बारा बायका. काकूंचं हसू गेलेलं. त्या एकेका चेहऱ्याकडे बघत होत्या, मग पुन्हा पहिल्यापासून. खुर्चीखाली ओल पसरत होती. साडी भिजली होती. एका बाईनं पाय मागे घेतला. काकूंनी नत्थूजींचा हात मनगटापाशी घट्ट धरला.

"अवो भाऊ," त्या म्हणाल्या, "मी कोन व्हय? इतके लोक येऊन राह्यले, मले कोनी सांगत काऊन नाई?"

या प्रश्नाचं उत्तर नत्थूजींपाशी तयार असायचं. बंडूभाऊ मान पुढे करून वाट पाहत होता. नत्थूजींनी तोंड उघडलं. "तू..." म्हणाले, आणि तिथेच थांबले. मग ते उठले आणि ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "निघा! निघा सगळे! माणूस भिऊन राह्यलं, दिसत नाई काय?" बंडूभाऊला त्यांनी खांद्याला धरून फाटकाबाहेर काढलं, मागून त्याचा नारळ दिला.

काकूंना मीच आत नेऊन कपडे बदलले. बाहेर आले तर नत्थूजी फडक्यानं ओसरी पुसत होते. पुसता पुसता आत काकूंकडे मान करून त्यांनी विचारलं, "बाई, कुंदा कोन? हे रोज सकाळी हाका मारते. अल्लीपूरले यायच्या माहेरी कोनी कुंदा नाई."

मी सांगावं की नाही, मला कळेना. काकूंनी विश्वासानं सांगितलेलं. पण आता ते जपणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मी सांगितलं.

नत्थूजी फडकं हातात घेऊन बसून राहिले. म्हणाले, "किती वर्षं हाक मारली असन तिनं. आतल्या आत." मग पुन्हा ओसरी पुसायला लागले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं अल्लीपूरला गेले, काकूंच्या माहेरी. काकूंना माझ्याकडे ठेवलं. मी शाळेला रजा टाकली. संध्याकाळी परत आले ते एक शंभर पानी वही भरून. काकूंच्या थोरल्या भावाला बसवून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. उजव्या गुडघ्यावरचा वण कशाचा? चिंचेवरून पडल्याचा. लहानपणी घरात काय म्हणत? चिमी. शाळा कितवीत सुटली, गाय कोणती लाडकी, पोहायला कोणी शिकवलं. कंट्रोलरच्या अक्षरात, एकाखाली एक, ओळी मारून.

"तिले कारलं आवडते," ते मला म्हणाले. जणू कोणावर तरी आरोप करत होते. "कडू कारलं. घरात कधी झालंच नाई. इकडे आवडत नाई म्हनून. तिनं कधी सांगतलं नाई, बाई."

"तुम्ही विचारलं होतं?"

त्यांनी वही मिटली.

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई. पहिल्या दिवशी मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले. "तू कुसुम. अल्लीपूरची. तुले घरात चिमी म्हनत." थोडं थांबून, नवीन अक्षर गिरवताना मुलं थांबतात तसं अडखळून, "अन मी... मी नत्थू. मी तुया नवरा." दोन दिवसांनी पुन्हा, जरा मोठ्यानं, "अन आपल्याले एक पोरगी झालती. कुंदा नाव होतं तिचं." बारसं असं झालं, एका भिंतीच्या पलीकडे, आईला आठवत नसताना.

पाठ रोज होई आणि रोज पुसला जाई. एखाद्या दिवशी काकू 'चिमी' ऐकून मान वळवत; तेवढ्यावर नत्थूजींचा सगळा दिवस चांगला जाई. कारलं मात्र त्या आवडीनं खात. नत्थूजी ते स्वतः रांधत, पहिले काही दिवस जाळत. मयतीला जाणं त्यांनी सोडलं नाही, पण आता कोपऱ्यात बसत आणि कोणी रडायला लागलं की गेलेल्या माणसाचं नाव विचारत. बंडूभाऊ एकदा ठेल्यावरून म्हणाला, "काकाजी, तुमचं ज्ञान खाली उतरलं." नत्थूजी म्हणाले, "उतरू दे."

याच पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस, दिवेलागणीच्या आधी, मी काकूंसाठी दही घेऊन गेले होते. नत्थूजी त्यांना भरवत होते. घास, पदरानं तोंड पुसणं, घास. काकू त्या दिवशी प्रसन्न होत्या. भरवणाऱ्या माणसाकडे त्यांनी नीट पाहिलं.

"भाऊ, तुमी लय चांगले मानूस हा," त्या म्हणाल्या. "रोज येता, माह्यं एवढं करता. तुमच्या घरी कोन कोन हाये?"

नत्थूजींचा घास हातात राहिला. वही उशाशीच होती. मला वाटलं, ते आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा. पण काकूंचा चेहरा इतका मोकळा होता, इतका बिनभीतीचा, की त्यांना तो मोडवेना.

"बायको हाये," ते म्हणाले.

"मंग जा न घरी!" काकू हळहळल्या. "येवढा उशीर झाला. बाई जेवाची थांबली असन तुमच्यासाठी. माह्यी काळजी नका करू, हे बाई हाये इथं."

"हो," नत्थूजी म्हणाले. "जातो."

त्यांनी हात धुतले, चपला घातल्या, आणि खरंच गेले. काकू दाराकडे बघत मला म्हणाल्या, "नशीबवान हाये त्यायची बायको." मी दही भरवलं. खिडकीतून मला ते दिसत होते. फाटकाबाहेर, पाठ घराकडे करून, सायकल दुरुस्तीवाल्याच्या बंद टपरीच्या पाटावर बसलेले. निरोप घेऊन निघालेल्या माणसाला घरी पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते तिथे बसले असावेत.

मग उठले. हातानं केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आपल्याच दाराची कडी वाजवली, आणि आतून काकू "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहिले.