गाडीच्या आतल्या काळ्या भागाची निगा

मनुष्यप्राणी गाडीत बसताना आधी पाय आत टाकतो आणि मग उरलेला आत येतो. जगातल्या बहुतेक ओरखड्यांचं मूळ या एका सवयीत आहे, आणि तिच्यावर आजवर कोणत्याही सरकारने ठोस उपाय केलेला नाही. ते काम शेवटी मलाच करावं लागलं.

मी एका कार्यालयाच्या अभिलेख विभागात बावीस वर्षं कागद सांभाळतो आहे. कागद वापरण्यासाठी नसून सांभाळण्यासाठी असतो, हे आमच्या विभागाचं धोरण आहे. त्यामुळे आमच्याकडे आजवर एकही कागद फाटलेला नाही (कुणाला मिळालेलाही नाही). ही शिस्त अंगात मुरल्यावर मी गाडी घेतली. विक्रेता म्हणाला, "आतून काळीच घ्या साहेब, काळ्यावर मळ दिसत नाही." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. मळ कधीच दिसला नाही. बुटाचा, चपलेचा, बॅगेच्या चेनचा, छत्रीच्या टोकाचा आणि एकदा नुसत्या नखाचा ओरखडा मात्र पांढराफटक उठून दिसे.

पहिला ओरखडा तिसऱ्या दिवशी आला. मागच्या दाराच्या खालच्या प्लास्टिकवर, लांबी सहा सेंटिमीटर. त्या दारातून मुलगी उतरली होती. मी टॉर्च घेऊन तिच्या सँडलचा तळवा तपासला.

साफसफाईचे टप्पे असे: आधी साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. मग ब्रश (मुलीचा, दात घासायचा, काम झाल्यावर तो धुऊन जागेवर ठेवला होता, याची कृपया नोंद घ्यावी). मग खोडरबर. शेवटी एका जाणकाराने सुचवलेला पांढरा स्पंज, जो काहीही पुसतो. त्याने ओरखडा पुसला. त्याबरोबर प्लास्टिकवरची बारीक खरखरही पुसली, आणि तिथे तळहाताएवढी गुळगुळीत, चकचकीत जागा तयार झाली. आता ती जागा उरलेल्या दारापेक्षा वेगळी दिसू लागली, आणि जे उरलेल्यापेक्षा वेगळं दिसतं त्यालाच डाग म्हणतात. तो घालवायला मी आख्खं दार घासलं. मग बाकीची तीन दारं डोळ्यांत खुपू लागली. सोमवारी घरगुती अडचण दाखवून रजा टाकली आणि डॅशबोर्ड घासला.

त्यानंतर संरक्षण. काळा भाग काळा राहावा म्हणून एक चकाकीचं मलम मिळतं. बाटलीवर 'अगदी थोडं लावावं' असं छापलं होतं; उत्पादकाच्या या चिक्कूपणाकडे मी दुर्लक्ष केलं. डॅशबोर्ड इतका चमकू लागला की समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब पडे, आणि रस्त्याच्या जागी मला डॅशबोर्ड दिसे (दिसायला रस्त्यापेक्षा किती तरी बरा). मलम उरलं म्हणून सीटांनाही लावलं. एका वळणावर बायको तिच्या दाराकडे जाई आणि पुढच्या वळणावर माझ्याकडे परत येई.

"मी गाडीत बसलेय की घसरगुंडीवर?" तिने विचारलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यानंतर ती इतक्या वेळा माझ्या अंगावर आली, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती हसली नाही.

पेडलांनाही मलम लावलं होतं. ब्रेकवरून पाय सटकला आणि गाडी आमच्या इमारतीच्या फाटकाला भिडली. पुढे चांगला कढईएवढा पोचा आला. पण तो गाडीच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे माझ्या कार्यकक्षेत येत नाही.

मग नियमावली आली. एक पान, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं. प्रवाशाने गाडीकडे पाठ करून प्रथम बैठकीचा भाग आत टेकवावा. गुडघे जुळवावेत. दोन्ही पाय एकदम उचलून, कोठेही न लावता, स्वतःला पुढच्या दिशेला फिरवावं. पायावर पाय टाकू नये. सामान मांडीवर घ्यावं, आणि मांडी नसल्यास (हे कलम घाईत लिहिलं गेलं) डिकीत ठेवावं. एखादा पाहुणा धरून चौघांना आत बसायला सरासरी चार मिनिटं दहा सेकंद लागत. समोरच्या इमारतीतले लोक खुर्च्या घेऊन गॅलरीत बसू लागले, त्यावरून उपक्रमाची लोकप्रियता दिसून येते.

चार महिन्यांनी मी चौकशी समिती नेमली. सदस्यसंख्या एक. एकूण ओरखडे सत्तेचाळीस. बायको चौदा टक्के, मुलगी नऊ टक्के, पाहुणे सहा टक्के, आणि ड्रायव्हरच्या बाजूचे एकाहत्तर टक्के. बेरीज बरोबर शंभर आल्यामुळे आकड्यांवर शंका घ्यायलाही जागा उरली नाही. त्या बाजूच्या दारातून आजवर एकच इसम ये-जा करत आला आहे. अहवाल गोपनीय ठरवून मी आमच्या अभिलेख विभागात ठेवला. आता तो कुणाच्या बापाला सापडणार नाही.

दरम्यान घरच्यांनी शेजारच्या सुतारकाकांशी संधान बांधलं. त्यांची गाडी सतरा वर्षांची. तिच्या आतला मूळ रंग कोणता यावर मतभेद आहेत. सीटवर भुसा, पायाशी खिळ्यांचा डबा, दारावर फळ्या घासून पडलेल्या रेघाच रेघा. बाजारहाट असो की दवाखाना, आमचे लोक त्या गाडीत कसेही कोंबून बसत आणि मोठमोठ्याने हसत जात. मी वरून पाहत असे. मला त्यांच्या अभिरुचीची कीव येई.

अशात मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. रविवारी सकाळची गाडी होती, आणि स्टेशन आमच्यापासून दीड तासावर. मला तिच्याशी बोलायचं होतं. आमच्या घरात समोरासमोर बसून बोलायची पद्धत नाही. गाडीत मात्र दोघंही रस्त्याकडे बघतात, त्यामुळे सोपं जातं. तीन गोष्टी सांगायच्या ठरवल्या होत्या. एक, ही नोकरी घेऊ नकोस म्हणून मी आदळआपट केली, ते माझं चुकलं. दोन, तिथे जमलं नाही तर परत यायला लाजू नकोस. तिसरी मला नीट मांडता येत नव्हती, पण दीड तास हाताशी होता, तेवढ्यात जमली असती.

त्या दिवशी मी पहाटेच खाली गेलो. चारही दारांना आतून जुन्या चादरी चिकटवल्या, त्यावर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. तिची बॅग मोठी होती. एवढी तयारी मी आजवर कुणासाठीच केली नव्हती. हात पुसत वळलो तर तिची बॅग सुतारकाकांच्या डिकीत चालली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"बाबा, बॅगेचे कोपरे लोखंडी आहेत," मुलगी म्हणाली. "तुमचं दार उगाच खराब होईल. काकांच्या गाडीत बरंय."

तिने टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतला असता. पण ती खरंच माझ्या दाराची काळजी करत होती.

"अगं, मी चादरी लावल्यात."

"मग त्या मळतील की," बायको म्हणाली. तिचा मात्र टोमणा होता.

"साहेब, तुम्हीपण या की आमच्यातच," सुतारकाका म्हणाले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर बायको, दोन पिशव्या, गादीची वळकटी. जागा नव्हती.

मी माझी गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग गेलो. दीड तास मला तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. तिने पाय वर डॅशबोर्डवर ठेवले होते. सुतारकाका काही तरी सांगत होते आणि ती मान मागे टाकून हसत होती. मी ठरवलेली दोन वाक्यं रिकाम्या सीटकडे बघून म्हणून पाहिली. तिसरंही तेव्हा जमलं, अगदी स्वच्छ जमलं.

स्टेशनवर ती धावत डब्यात चढली. खिडकीशी गेलो तेव्हा मी म्हणालो, "पाणी घेतलंस का?" तिने बाटली दाखवली. गाडी सुटली. मला फार वाईट वाटलं. अहवालात असं लिहीत नाहीत, पण लिहितो. परतताना बायको सुतारकाकांबरोबर गेली. तिच्या चपलेला चिखल होता, म्हणाली.

या गोष्टीला आठ महिने झाले. माझ्या गाडीत नवीन ओरखडा एकही नाही. विषयाची व्यापक पाहणी व्हावी म्हणून वाचकांसाठी एक छोटा अर्ज तयार केला आहे. रकाना एक: आपल्या घरात 'हात लावू नकोस' असं जिच्याबद्दल सांगितलं जातं, ती वस्तू. दोन: असं ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त वेळा सांगितलं, ती व्यक्ती. तीन: वस्तू सुस्थितीत आहे काय? चार: ती व्यक्ती आपल्याजवळ निवांत येऊन बसली, तो शेवटचा दिवस.

आजवर आलेल्या अर्जांत पहिले तीन रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले आहेत. तिसऱ्यात सगळ्यांनीच 'होय' लिहून खाली रेघही मारली आहे. आपण चौथा भरून मगच सही करावी. तारीख आठवत नसेल तर घाई नाही, मी थांबतो.