रागाची सरासरी

"पाळी जायच्या वयात हार्मोन्स वरखाली होतात, झोप उडते, चिडचिड होतेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर योगासनं करा. कसं वाटतं ते रोज लिहून ठेवा. फरक नाही पडला तर गोळ्या सुरू करू."

गोळ्या बायकोला नको होत्या. तिच्या आईची शेवटची दहा वर्षं गोळ्यांच्या डब्याशेजारी गेली होती.

नवरा वेधशाळेत हवामान निरीक्षक. 'लिहून ठेवा' हे शब्द कानावर पडताच त्याच्या अंगात आलं. घरी येऊन त्यानं वहीत रकाने आखले. तारीख, आसनं, झोप, राग. रागाला शून्य ते दहा गुण. सकाळी बायको भद्रासनात बसली की हा समोर खुर्ची टाकून बसायचा.

"गुडघे अजून टेकत नाहीयेत."

"अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"राग, चार," तो पुटपुटला आणि लिहून मोकळा झाला.

बायको हबकली. ही वही डॉक्टरीणबाई वाचणार होत्या. दुसऱ्या दिवसापासून तिनं राग गिळायला सुरुवात केली. यानं तिचा चष्मा पायाखाली घेतला तरी "असू दे" म्हणाली. सलग पाच दिवस शून्य.

पण उभा जन्म आकड्यांत गेलेल्या माणसाला इतकी सपाट रेघ पटेना. उपकरण तपासावं तसं त्यानं बायकोला तपासायचं ठरवलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला. जेवताना म्हणाला, "आईच्या हातची आमटी वेगळीच असायची."

"मला मध्ये ओढू नकोस," शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली.

तरी शून्यच. शेवटी एका सकाळी, सेतुबंधासनात बायकोची कंबर अधांतरी असताना त्यानं विचारलं, "माझे मोजे कुठायत?"

कंबर खाली आली आणि उशी नवऱ्याच्या तोंडावर.

"दहा," उशीमागून आवाज आला.

मग मात्र ती रडली. "आता गोळ्या घ्याव्या लागणार," एवढंच म्हणाली. त्याला फार वाईट वाटलं. पण दहाचे आठ करणं काही त्याच्या हातून होईना. त्याच आठवड्यात त्याला चार दिवस बाहेरगावच्या केंद्रावर जावं लागलं. वही त्यानं आईच्या हवाली केली.

"आई, जे खरं असेल तेच लिही."

"खोटं कशाला लिहू?"

महिना संपल्यावर तिघं दवाखान्यात गेली. बायकोचे डोळे टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर होते. पानं उलटता उलटता डॉक्टरीणबाई थांबल्या.

"पुन्हा चार दिवस शून्य? आणि अक्षर वेगळंय."

"माझंय," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई मोठ्यानं वाचू लागल्या. "'दोघींनी आसनं केली. मी आधी दमले. सूनबाई रात्रभर शांत झोपली. राग शून्य.' चारही दिवस साधारण हेच आहे. पाचव्या दिवशी लिहिलंय, 'संध्याकाळी मुलगा परत आला. राग तीन.'"

नवरा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"गोळ्या सध्या नकोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आसनं सोडू नका. वही आईंकडेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार लागलं. बाहेर नवरा रिकाम्या हातांनी उभा. आतून भ्रामरीचा गुंजारव येत होता. तो मध्येच तुटला आणि दोघी हसत सुटल्या. बायकोचं हसू तर थांबेचना.

नवरा दाराला टेकला. हे हसू घरातून कधी बंद झालं होतं, ते तो आठवू लागला. तारीख काही आठवेना.