हिंदुराव आप्पांची कानस

हिंदुराव आप्पा माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत, दातांकडे बघत. मी कोल्हापुरात बदलून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. नाव सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी दोन बोटांनी माझा खालचा ओठ खाली ओढला. "बघू, आ करा."

मी आ केला. कुणी फर्मावलं की करायचं, हे सरकारी कारकुनाच्या अंगात मुरलेलंच असतं. आप्पांनी मान तिरकी करून आत नजर टाकली आणि निकाल दिला.

"छत्तीस. डावीकडनंच चावतायसा. उजवीकडं दुखतंय, पर डाक्टरला भ्यालाय."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त लग्नात मी वय तीन वर्षांनी कमी सांगितलं होतं, आणि बायको मागेच उभी होती.

आप्पांची सारी उमर संस्थानाच्या पागेत गेली होती. काम एकच, घोड्यांच्या दाढा घासणं. मंजनानं नव्हे, कानशीनं. घोड्याचे दात म्हातारपणापर्यंत वर येत राहतात आणि चावून चावून झिजत राहतात. झीज वाकडी झाली की दाढेला सुरीसारखी कड येते आणि ती गालात, जिभेत रुतते. मग घोडं मान तिरकी करून चावतं, गवताचे अर्धवट चघळलेले बोळे टाकतं, आणि मालक म्हणतो जनावर माजलं. "माजलं न्हाय, गाल फाटलाय त्येचा," आप्पा म्हणत, आणि लांब दांड्याची कानस तोंडात घालून ती कड उतरवत.

पागा मोडली तशी कानस घरी आली आणि देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लागली. गावात टांगे होते तोवर तिला काम होतं. मग रिक्षा आल्या. "हिला दात असत्यात व्हय?" असं आप्पा रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं विचारत. पण त्यांचा बेताचा आवाजही पागेतलाच. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत नवरा मुलगा हसला मात्र, आप्पा शेजारच्याच्या कानात म्हणाले, "पंचवीस सांगत्यात, तिशी उलटलीया." ते सगळ्या बैठकीनं ऐकलं. लग्न झालं, पण जेवताना आप्पांसमोर कुणी हसलं नाही. आप्पा स्वतः तर पंगतीला बसलेच नाहीत. ते कुणाकडेच जेवत नसत. "आमचं जेवान एकटं असतंय," म्हणत. सहा वर्षांपूर्वी बायको वारल्यापासून खरोखरच ते एकटे होते. मूलबाळ नव्हतं.

एका सोमवारी शंकर टांगेवाला आपली मैना घेऊन आप्पांच्या दारात आला. घोडीच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या.

"आप्पा, हिचं काय खरं न्हाय. तोबरा भरून चंदी देतोय, तरी ही अशी. रविवारी यापाऱ्याला देऊन टाकतो."

म्हातारं घोडं व्यापारी कशासाठी घेतो, हे तिथं कुणी विचारलं नाही. आप्पा मैनेच्या तोंडाकडे गेले नाहीत, मागे गेले. तिनं नुकतीच लीद टाकली होती. ती त्यांनी काडीनं फोडली आणि आतला हरभरा शंकरच्या नाकासमोर धरला. अख्खा दाणा, कुणी आत्ताच पोत्यातून काढावा तसा.

"चंदी तू हरभऱ्याची देतोस आनि हरभराच परत घेतोस. चावलाच न्हाय तिनं. रविवारपतोर हितंच ऱ्हाऊ दे. हिच्या आईचं तोंड मी बघितलंया पागेत. हिला अशी न्हाय जाऊ देनार."

कानस चालवायची तर घोड्याची जीभ बाजूनं बाहेर ओढून धरायला एक माणूस लागतो. जीभ बाहेर असली की घोडं तोंड मिटत नाही, कारण आधी स्वतःचीच जीभ चावली जाईल. पागेत या कामाला आप्पांच्या हाताखाली माणसं होती. इथं मी होतो. बायको दारात उभी असल्यामुळे मी लगेच पुढं झालो.

मैनेची जीभ म्हणजे गरम, ओली, सतत कुठंतरी निघालेली वस्तू. मी ती दोन्ही हातांनी धरली. कानशीचा खर्र खर्र आवाज सुरू झाला. मैना डोळे मिटून उभी होती आणि मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. तेवढ्यात गल्लीतून आमचे साहेब स्कूटरवरून निघाले.

पंधरा वर्षांची नोकरी. साहेब दिसले की माझे हात मला विचारत नाहीत. मी जीभ सोडली आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मैनेनं तोंड मिटलं. आप्पांचं बोट आत होतं.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी मैनेच्या कानामागं खाजवलं, तिनं आपण होऊन तोंड उघडलं, त्यांनी बोट बाहेर काढलं. नख काळंनिळं पडलं होतं. ते फेट्याच्या शेमल्यात गुंडाळत ते मला म्हणाले, "झाला का रामराम, रावसायेब? मग धरा परत."

प्रायश्चित्त म्हणून मी दोन कामं अंगावर घेतली. एक, आप्पांना रोज डबा. आमच्या हिच्या भाकरीची ख्याती होती. पापडासारखी कडक, मोडली की आवाज यायचा. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याची उसळ. डबा रोज धुऊन पुसून परत यायचा. "वैनीस्नी सांगा, अशी कडक भाकरी ह्या गल्लीत कुनाला जमत न्हाय." मी खूश.

दुसरं काम मैनेचं. आप्पांना बारीक दिसत नसे, म्हणून सकाळी ऑफिसला जायच्या आधी लीद फोडून अख्खे दाणे मी मोजायचे. पहिल्या दिवशी एकतीस. मग एकोणतीस. मग तीस. ऑफिसात शेजारच्या कारकुनानं गुरुवारी आपलं टेबल खिडकीकडं सरकवलं. शुक्रवारी पुन्हा एकतीस.

आप्पांनी मैनेच्या तोंडात हात घातला आणि बराच वेळ आतच ठेवला.

"कड उतरलीया. जखमा बी भरल्या," ते म्हणाले. "पर दाढाच सरल्यात. घासायला कायतरी उरावं लागतंय की. म्होरनं बघितलं तर तरणी, आनि मागं समदं रिकामं."

शनिवारी ते कानशीला तेल लावत बसून राहिले.

रविवारी सकाळी शंकर आला. आप्पा मैनेच्या दोरीला हात घालून उभेच होते.

"शंकर, न्हेऊ नको हिला."

"आप्पा, तुमीच म्हनताय दाढा न्हाईत. मग खानार काय ती?"

"भिजवून घालीन. भरडा, कोंडा, गूळ. दिसातनं चार बार."

"कुटवर?"

"हाय तवर. लई न्हाय राहिलेलं. हिचं बी आनि माझं बी."

शंकर थोडा वेळ मैनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं खांद्यावरचा तोबरा काढून आप्पांच्या कट्ट्यावर ठेवला आणि मागं न बघता गेला.

आठवडाभरानं मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी आलो. हिनं डबा आणायला पिटाळलं. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागच्या परसात गेलो. आप्पा उकिडवे बसले होते. समोर मोठं पातेलं, त्यात भिजलेला भरडा नि गूळ. माझ्या बायकोच्या कडक भाकरीचे तुकडे त्यात बुडून मऊ होत होते. आप्पांनी पळीभर स्वतःच्या ताटलीत घेतलं, पातेलं मैनेपुढं सरकवलं आणि ती खायला लागेपर्यंत थांबले. मग दोघं जेवू लागले. मैना मान डावीकडं कलती करून, आणि आप्पाही तशीच.

गावभरच्या तोंडांत डोकावलेला हा माणूस, आणि शेजारी राहून मला कळलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "आ करा."

त्यांनी शेमला तोंडावर घेतला. "आता माझी बी लीद मोजनार व्हय, रावसायेब?"

मी खाली बसलो. मैनेचा चपचप आवाज तेवढा येत होता.

"म्होरलं चार हाईत. बोलन्यापुरतं," ते म्हणाले. "कारभारीन हुती तवा दुधात कुस्करून द्यायची. दार लावून. कुनाला कळायचं न्हाय. आता ह्या वयात कुनाला सांगायचं, मला भाकरी कुस्करून द्या म्हनून?" त्यांनी ताटलीतला शेवटचा घास मैनेच्या पातेल्यात टाकला. "हिला सांगावं लागत न्हाय."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "उद्यापासून भाकरी मऊ कर आणि दुधात कुस्करून दे."

"आप्पांना?"

"नाही. मैनेला."

तिनं मोठा डबा फळीवरून काढला.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः डबा द्यायला आले. धुतलेला, पुसलेला.

"वैनीस्नी सांगा, मैनेला झकास लागली," ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत वळले. "फकस्त तिला मीठ जरा कमी वाटलं."