डॉक्टर खऱ्यांचं गुहागर

आमच्या कार्डिफच्या गल्लीतले डॉक्टर खरे वेल्सच्या एकाही किनाऱ्याला त्याच्या नावानं ओळखत नाहीत. टेनबी म्हणजे ‘रंग दिलेलं मुरुड’. सॉन्डर्सफुट म्हणजे ‘चिप्स खाणारं कर्दे’. एकदा एका बाईंनी रस्ता विचारला, तर म्हणाले, "स्ट्रेट ऑन, जस्ट पास्ट हेदवी." तेही इतक्या अधिकारानं, की बाई थँक यू म्हणून चालू लागल्या.

याचं कारण त्यांच्या आई. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना गुहागरहून इकडे आणलं. आता वय नव्वदीपुढे, हृदय नाजूक, विमान कायमचं बंद. आजींना मात्र गुहागरचा समुद्र एकदा बघायचाय. डॉक्टरांनी जन्मभर इथल्या हॉस्पिटलात हाडं जोडली. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, आई तिकडे जाऊ शकत नाही ना, मग गुहागर इथेच शोधायचं!

दर शनिवारी गाडी निघते. मागे आजी, उशा, थालीपिठांचा डबा. पुढे सोबतीला मी. पावसाचा अंदाज सांगितला, की डॉक्टर वायपर चालू करत म्हणतात, "अरे, केस सोडायची नसते."

आजी म्हणजे महाकडक परीक्षक. टेनबीला संध्याकाळपर्यंत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "विनू, सूर्य पाठीमागे मावळतोय. समुद्रात नको का मावळायला?" झालं, टेनबी बाद. मग पश्चिमेकडे तोंड असलेलं रोसिली. तिथे वाऱ्यानं थालीपीठ उडवलं आणि एका मेंढीनं ते चवीनं खाल्लं. "गुहागरला मेंढ्या नाहीत," आजींचा निकाल. मला खरंच राग यायचा त्यांचा. साठी उलटलेला मुलगा एवढी धडपड करतोय, एकदा ‘हो’ म्हणायला काय जातं?

परवा ब्रॉड हेवनला गेलो. किनाऱ्यावर रुंद चाकांची, वाळूत चालणारी खुर्ची मिळते. डॉक्टरांनी ती एकट्यानंच ढकलत पाण्यापाशी नेली. मला हातही लावू दिला नाही. समोर सूर्य थेट समुद्रात उतरत होता.

"आई, हे?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. "नाही रे. हे गुहागर नव्हे."

डॉक्टरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "ठीक आहे. पुढच्या शनिवारी वर, अ‍ॅबरिस्टविथला—"

"विनू." आजींनी त्यांचा हात धरला. "गुहागर इथे मिळायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण इतकी वर्षं तू मला फोनवर दोन मिनिटं भेटायचास. आता अख्खा शनिवार मिळतो. म्हणून नापास करत गेले."

डॉक्टर पँटची पर्वा न करता ओल्या वाळूतच आईच्या पायाशी बसले. मी उगाचच दुसरीकडे बघत राहिलो.

"मग अ‍ॅबरिस्टविथ?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"जाऊ की," आजी म्हणाल्या. "तेही नापासच होणार आहे."