सासूबाईंचं बटण आणि दांडगा डायोड

अँटेनाच्या राखणीला कोणाला बसवायचं, एवढाच प्रश्न होता. पण तेवढ्यानेच आमच्या इंजिनिअरसाहेबांची पाचावर धारण बसली होती. (शिकलेला माणूस. तुम्हीआम्ही अंधाराला भितो, हा आकडे वाचून भितो.)

साहेबांनी गळ्यात घालायचं एक बटण बनवलं होतं. म्हाताऱ्या माणसाने दाबलं की स्वयंपाकघरातली घंटी बिनतारी वाजायची. पण हवा कोरडी, अंगात नायलॉनचे कपडे. हात लागला की चट्कन ठिणगी उडायची, अँटेनातून आत शिरायची आणि आतली चिप गारद! तीन बटणं अशीच गेली. तिसरं तर खुद्द बॉसच्या हातात. बॉस म्हणाले, "चौथं घरी आठवडाभर वापरून दाखवा. मेलं, तर सोमवारपासून तुम्ही दुरुस्तीच्या खिडकीवर."

ठिणगी अडवायला अँटेनापाशी मोहरीएवढा डायोड बसवतात. साहेबांनी यादीतला सगळ्यात दांडगा उचलला.

"अहो, हा चार्जिंगच्या वायरला लावतात," चाचणी विभागातल्या बाई म्हणाल्या. "अँटेनाला लावलात तर ठिणगीबरोबर सिग्नलही गिळून बसेल. बारका घ्या."

"आणि बारका मेला म्हणजे?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

बटण सासूबाईंच्या गळ्यात पडलं. त्या दिवसापासून घरात सगळे अनवाणी. सासूबाईंजवळ जायचं तर आधी नळाला हात लावून अंगातली वीज सोडायची.

"अहो, माझी आई आहे ती, ट्रान्सफॉर्मर नाही!" बायको ओरडली.

साहेबांनी सासूबाईंनाही बजावलं, "अगदी अडल्याशिवाय दाबायचं नाही हं!" आणि रोज दारातूनच, श्वास रोखून, बटण जिवंत असल्याचा हिरवा दिवा बघून यायचे.

सातव्या दिवशी, रविवारी, चहा झाला तरी मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज नाही. साहेबांनी नळाला हात लावला आणि चवड्यांवर चालत ते खोलीत डोकावले. सासूबाई बुटक्या खुर्चीत रुतलेल्या, गुडघा आखडलेला, अंगठा बटणावर. बटणाचा दिवा हिरवागार!

"जिवंत आहे!" साहेबांनी टाळी वाजवली.

"मीही आहे हो जावईबापू, अजून तरी! दोन तास दाबतेय. घसा बसलाय म्हणून ओरडता येत नाही, आणि तुमची घंटी मुकी!"

साहेबांनी धावत जाऊन घंटी आणली. दारात गप्प. पलंगापाशी गप्प. खुर्चीपासून हातभर अंतरावर आल्यावर मात्र कशी खणखणीत वाजली!

"सिग्नल गिळला," म्हणत साहेब मटकन खाली बसले. "उद्यापासून खिडकी पक्की."

"हातभरावर वाजते ना?" सासूबाई लेकीला म्हणाल्या. "मग बांध ती यांच्या गळ्यात, आणि तेलाची वाटी आण."

संध्याकाळपर्यंत साहेब सासूबाईंचा गुडघा चोळत होते. हात जरा थांबला की सासूबाई बटण दाबत, आणि घंटी एकदाही चुकली नाही.