सातवीच्या मुलांचा संगणकाकडील कल मोजिला त्याचें वर्तमान

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि त्या दिवशीं वीज गेली नाहीं म्हणोन विजेसही नमन. शके एकोणीसशें वीस, बहुधान्यनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं घडलें तें ऐसें जे, राज्यांत एक शाळा होती आणि तिजवर हेडमास्तर रंगोपंत खरवंडीकर अंमल करीत होते. राजधानीहून शाळेस संगणक आले, मग पंतांनीं त्यांस हार घातले, मखमली आच्छादनें चढविलीं, आणि धूळ बसेल, मुलें मोडतील, या धास्तीनें खोलीस कुलूप घालोन किल्ली कमरेस खोविली. मुलांनीं खिडकींतून दर्शन घ्यावें, ऐसा शिरस्ता पडला. तों दरबारचा हुकूम आला कीं, सातवीच्या मुलांचा संगणकाकडे कल किती तो मोजावा. कल दिसेल तेथें यंत्रें राहतील, न दिसेल तेथून उचलोन दुसरे शाळेस जातील. मग काय विचारतां! पंतांची झोप उडाली आणि त्यांनीं मुलांस बसवोन तालीम दिली, "मोजणीला येणाऱ्या बाई काहीही विचारू देत, सगळ्यांनी हात वर करायचा. एक जरी खाली दिसला तर बघा."

नेमिले दिवशीं मोजणीस वत्सलाबाई कुंटे यांची स्वारी आली आणि बाईंनीं पहिलें वाक्य वाचिलें, "मला संगणक शिकायला आवडेल." सारे हात वर जाहले, आणि पंतांनीं हर्षभरें चहा सांगितला. मग, मन पारखावें म्हणोन मध्येंच उलटें वाक्य घालावें, ऐसी या मोजणीची रीतच असे, त्याप्रमाणें बाईंनीं वाचिलें, "संगणकाची मला भीती वाटते." तरी सारे हात वर. "संगणक शाळेत नसलेला बरा." तरी वर! पंत मागून दोन्ही हातांनीं खुणा करूं लागले कीं खालीं करा, आणि मुलें तें पाहोन दुसराही हात वर करितीं जाहलीं.

बाई म्हणाल्या, "असं असेल तर यंत्रं हलवावी लागतील." तेव्हां रुक्साना तांबोळी नामें मुलगी उठोन म्हणाली, "बाई, आम्हाला काय वाटतं ते आम्हालाच माहीत नाही. आम्ही अजून हातच लावला नाही त्याला." बाईंनीं पंतांकडे पाहिलें आणि पंतांनीं जमिनीकडे. मग किल्ली निघाली, कुलूप निघालें, आणि मुलांनीं ऐसी चाल केली कीं मखमल कोठें गेली कळेना. कोणी आपलें नांव उमटविलें, कोणी घर काढिलें, कोणी तें पुसोन पुन्हां काढिलें, आणि जेवणाची घंटा जाहली तरी एकही मूल जागचें हलेना. काय तो आनंद! आम्हीं दारांत उभें राहोन पाहिला, आमचेंही भान गेलें.

मग बाईंनीं पुन्हां विचारिलें, "भीती कोणाला वाटते?" एकच हात वर जाहला, तो पंतांचा. म्हणाले, "मला वाटते, बाई. मोडलं तर काय, म्हणून मीही कधी लावून पाहिला नाही."

रुक्साना बाकावर सरकोन बसली. "बसा ना सर," ती म्हणाली, "मोडत नाही."

येणेंप्रमाणें कल मोजिला गेला, यंत्रें शाळेंतच राहिलीं, आणि शाळा सुटल्यावर पंतांस तेथून हातास धरोन उठवावें लागलें.