खिडकीतला समुद्र आणि साक्षीदाराची सही

"फसवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी फसवा म्हणावं," मापसाहेब मेहुण्याला म्हणाले. "मी कराराची बेचाळीसही कलमं वाचली आहेत. तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट."

मापसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानातला काटा केसभर कलला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. परदेशातल्या सात दिवसांच्या सहलीचा हा करार त्यांनी भिंग धरून वाचला होता, आणि त्याला कारण होतं. बायकोचे गुडघे गेलेले. वाळूतून चालणं तिला जमणार नव्हतं. म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी तिला शब्द दिला होता : तू पलंगावर पडून राहा, समुद्र तुझ्या खिडकीत येईल. माहितीपत्रकात तसं छापलेलंच होतं.

"आणि नाही आला तर, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"तर कलम सतरा. तक्रार तिथल्या तिथे आणि लेखी. हॉटेल परदेशात असलं तरी जबाबदार इथली कंपनी, कारण सहल तिने विकली. आणि हो, मिळेल तो प्रत्येक कागद भरून द्यायचा. एकही कोरा सोडायचा नाही." हे शेवटचं बायकोकडे बघून.

बायकोने मान डोलावली. तिला ते जड नव्हतं. तिचा नेमच होता : रोज कुणाबद्दल तरी एक चांगलं वाक्य लिहिल्याशिवाय ती रात्री पानावर बसत नसे.

तिकडे पोहोचल्यावर मापसाहेबांनी खोलीचा पडदा सरकवला. समोर हॉटेलचं धुलाईघर होतं. दोऱ्यांवर चाळीस चादरी. समुद्र अगदीच नव्हता असं नाही. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढून मान डावीकडे पिळली, की करंगळीएवढा दिसायचा. मापसाहेब चढले, फोटो काढला, खाली आले. मग पिशवीतून टेप काढली आणि तिचं दुसरं टोक सहलीबरोबर आलेल्या गाइड मुलीच्या हातात दिलं.

"धुलाईघराच्या भिंतीला टेकव. हां. सहा मीटर वीस."

"काका, हॉटेल भरलंय हो. दुसरी खोलीच नाही."

"मग तसं लिहून दे."

तिने दिलं. तक्रार तीन प्रतींत झाली.

सातही दिवस मापसाहेब मोजत होते. 'दोन पावलांवर' असलेला किनारा चारशे अकरा पावलांवर निघाला. बायको खिडकीशी बसून असायची. संध्याकाळी गाइड अभिप्रायाचा कागद द्यायची, बायको तो भरायची आणि खाली 'साक्षीदार' लिहिलेल्या रेघेवर बोट ठेवून त्यांच्यापुढे करायची. दिवसभर मोजून थकलेले मापसाहेब सही ठोकायचे. घरचंच अक्षर, त्यात काय वाचायचं?

परत आल्यावर ते फाइल बांधून, बायकोला बरोबर घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेले. व्यवस्थापक बाईंनी फाइल शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

"सगळं बरोबर आहे, साहेब. माहितीपत्रकात छापलं ते करारातच धरलं जातं. आम्हाला मान्य आहे."

मापसाहेबांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू समुद्र आता जिना चढून वर येतोच आहे.

"फक्त हे तेवढं समजावून सांगा," म्हणत बाईंनी सात कागद टेबलावर मांडले आणि वाचू लागल्या. "पहिला दिवस. 'समोरच्या धुलाईघरातल्या ताई चादर अशी झटकतात, की घडीला घडी जुळते.' तिसरा दिवस. 'वारा सुटला की चाळीस चादरी लाटांसारख्या येतात. पलंगावरून सगळं दिसतं.' सहावा दिवस. 'समुद्र असता तर ताईंशी ओळख झाली नसती. आज त्यांनी खिडकीतून हात केला.' आणि खाली साक्षीदार. ही सही आपलीच ना?"

खोटं माप सापडलं की दुकानदाराचा चेहरा कसा होतो, हे मापसाहेबांना नोकरीमुळे पाठ होतं. आतून कसं वाटतं, ते आज कळलं.

"तू हे लिहिलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, एकही कोरा सोडायचा नाही."

"अगं, तक्रार लिहायची होती."

"तक्रार तुम्ही लिहीतच होता की. एकाच घरातून दोन कशाला?" बायको हळूच म्हणाली. "आणि वाचून सही केलीत असं वाटलं मला. तुम्ही बेचाळीस कलमं वाचता."

व्यवस्थापक बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मापसाहेबांनी मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "'माहितीपत्रकातल्या चुकीबद्दल कंपनी दिलगीर आहे.' ऐकलंस? 'भरपाई म्हणून त्याच हॉटेलात आपणा दोघांचा तीन रात्रींचा मुक्काम, प्रवासासह, विनामूल्य.'"

"मानलं, दाजी. पुढे?"

पुढे मापसाहेबांचा आवाज जरा बसला. "'आपल्या पत्नीने सात दिवस लेखी कळवलेल्या आणि आपण स्वतः साक्षीदार म्हणून सही केलेल्या आवडीनुसार, तीच खोली राखून ठेवली आहे.'"

मेहुणा छताकडे बघत बसला. बायकोच्या चेहऱ्यावर मात्र ऊन पडलं होतं.

"बरं झालं बाई. ताईंना सांगताच आलं नव्हतं निघताना. आणि हे काय, अभिप्रायाचा कागद जोडलाय की." तिने पेन उचललंच होतं. चार ओळी लिहून तिने कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"वाचून सही करा हं या वेळी."

मापसाहेबांनी भिंग काढलं. लिहिलं होतं : 'माझ्या गुडघ्यांसाठी हे टाकीवर चढले. इतकं कुणी केल्यावर समुद्र नसला तरी चालतो.'

त्यांनी ते दोनदा वाचलं, भिंग खिशात ठेवलं आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही केली. मग थोडा विचार करून तिच्याखाली बारीक, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं : 'समुद्राबाबतची हरकत कायम ठेवून.'